गोठ्यातली डबल बेल

मास्तरच्या गोठ्यात शिरताना मान जरा खाली घालावी लागते, कारण वरून एक दोरी जाते. कपडे वाळत घालायची दोरी नव्हे. आमच्या लाल गाडीत टपाखालून मागपासून पुढपर्यंत जायची, कंडक्टरने ओढली की ड्रायव्हरच्या कानाशी घंटी वाजायची, ती दोरी. एक जुनी गाडी भंगारात निघाली तेव्हा मास्तरने भंगारवाल्याच्या मागे लागून दोरी आणि घंटी दोन्ही मिळवली, घरी नेली आणि गोठ्याच्या वाशांना बांधली. घंटी पितळी आहे. तिचा आवाज मी झोपेतही ओळखीन, कारण माझा निम्मा जन्म त्या आवाजावर गाडी थांबवण्यात आणि सोडण्यात गेला आहे.

गाडीचा कायदा साधा असतो. एक घंटी वाजली की थांबायचं. दोन वाजल्या, म्हणजे डबल बेल झाली, की निघायचं. मास्तरने हाच कायदा गोठ्याला लावला. भातं झोडून झाली, पेंढ्याच्या उडव्या रचून झाल्या की तो एक दिवस ठरवायचा आणि वयात येऊ घातलेले पाडे एकेक करून त्या दोरीखाली उभे करायचा. एक घंटी वाजली तर पाडा घरी राहिला. डबल बेल झाली तर पाडा निघाला, त्याच्यासाठी गिऱ्हाईक बघायचं. ह्या प्रकाराला तो 'तपासणी' म्हणायचा आणि त्या दिवशी नोकरीतला खाकी शर्ट अंगात घालायचा. पोटावरची बटणं हल्ली लागत नाहीत, पण शर्ट तोच.

लोक त्याला वेडा म्हणत. मीही म्हणायचो, तोंडावर. पण लांब शिंगांच्या गावठी गुरांचा तसा कळप आमच्या सगळ्या तालुक्यात दुसऱ्या कोणाकडे नाही, आणि तो ह्या वेड्याने एकेक जनावर पारखून उभा केला आहे, हे सांगताना मान माझीच ताठ होते.

मी मूळचा हर्ण्याचा. आमच्या घरात होड्या. गुरांशी माझा संबंध चहातल्या दुधापुरता. ड्रायव्हर म्हणून रत्नागिरीला लागलो, पुढे मिरजोळ्याला घर केलं, आणि नोकरीतली बहुतेक वर्षं लांज्याच्या बाजूच्या फेऱ्यांवर हाच मास्तर माझ्या मागे उभा होता. कंडक्टरला सगळेच मास्तर म्हणतात. हा निवृत्त झाला तरी मास्तरच राहिला. मला तो 'पायलट' म्हणायचा. आमच्या हर्ण्याला संध्याकाळी बंदरावर लिलाव होतो आणि मासळीचा निकाल तिथल्या तिथे लागतो. रात्रभर विचार करत बसलात तर सकाळी ती मांजराला घालायची. आणि हा माणूस एका पाड्याचं काय करायचं ह्याचा विचार वर्षानुवर्षं करायचा. माझा जीव मेटाकुटीला यायचा.

पारख करायची खोड त्याला नोकरीतच लागली होती. माणूस गाडीच्या पायरीवर पाय कसा ठेवतो, ह्यावरून तो त्याचा हिशेब मांडायचा. माझ्या मागच्या जाळीशी तोंड आणून म्हणायचा, "पायलट, तो टोपीवाला बग. पाय ठेवायच्या आधी दांड्याला हात घातलान. हा भांडनार नाय." एखाद्या बाईबद्दल म्हणायचा, "हिनं मागच्या म्हातारीला कोपर मारलान. हिला खिडकीची जागा पायजे आनि तिकीट अर्धं पायजे." दहातले आठ अंदाज बरोबर निघायचे. उरलेल्या दोघांबद्दल तो म्हणायचा की ती माणसं वाटेत बदलली.

कळपाची सुरुवात ही अशी गाडीतूनच झाली. लांज्याच्या पुढे आतल्या रस्त्याला एका वळणावर एक तांबूस गाय मधोमध उभी होती. अंगाने आमच्याकडच्या गाई असतात तशी लहानखुरी, पण शिंगं पाहून मी चाट पडलो. दोन्ही बाजूंना सरळ बाहेर गेलेली आणि मग सावकाश वर उचललेली. मी हॉर्न दिला. पुन्हा दिला. ती मान वळवून बघेनासुद्धा. मास्तर खाली उतरला. मला वाटलं हाकलायला उतरला. तर हा तिच्यासमोर जाऊन, हात मागे बांधून, देवळात उभा राहावा तसा उभा. गाडीतून ओरडा सुरू झाला, "ओ मास्तर, गाय बगताव काय आमाला पोचवताव?"

तो परत आला आणि डबल बेल द्यायच्या आधी माझ्याशी आला. "पायलट, ती का हलली नाय म्हायत हाय? वासरू तिचं दगडी गडग्याच्या पलीकडं हाय. ते वर चढून येईपर्यंत तिनं रस्ता धरून ठेवलान. तू येवडा भोंगा वाजवलास, पन ना पळाली, ना अंगावर आली. मना ही गाय पायजे."

साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी तो तिला शोधत गेला. तिच्या मालकाकडे शेत नांगरायला पॉवर टिलर आला होता, मुलं मुंबईला होती, आणि त्याला गुरं कमी करायचीच होती. वासरासकट गाय मास्तरच्या दावणीला आली. तिचं नाव त्याने तांबू ठेवलं. आज गोठ्यात जी लांब शिंगं दिसतात त्यातली बरीचशी तांबूची आहेत.

दोरीबद्दल मात्र एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. एकदा एका थांब्यावर मास्तर खाली उतरला आणि शेजारच्या मळ्यात कोणाचा तरी बैल चालला होता तो बघायला बांधावर गेला. गाडीतल्या एका घाईच्या माणसाने हात वर केला आणि दोरी दोनदा ओढली. मला काय माहीत? डबल बेल ऐकली आणि मी गाडी सोडली. उतारू तोंडावर पदर आणि रुमाल धरून हसत होते, मी म्हटलं कोणाचं तरी लग्न ठरलं असेल. लांज्याला गाडी लावली तर मागे कंडक्टरच नाही! थोड्या वेळाने मास्तर दुधाच्या टेम्पोतून उतरला. दोरी कोणी ओढली ते त्याने उतारूंना विचारून घेतलं. गाडीत चढला, त्या माणसासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "गाडी कंदी सोडायची ते मी ठरवनार. ह्या दोरीला माज्याशिवाय कोनी हात लावायचा नाय."

त्या दिवसापासून खरंच कोणी लावला नाही. गोठ्यातल्या दोरीलाही तोच नियम. पाहुणे हसून हात वर करायचे, तो सरळ त्यांचा हात धरून खाली आणायचा. नातवंडं नाही, शेजारी नाही, मी नाही. वहिनींनीसुद्धा, म्हणजे त्याच्या बायकोने, गोठा झाडताना कधी त्या दोरीला झाडू लागू दिला नाही.

तपासणी बघायला मास्तरची अख्खी वाडी जमायची. मीही मिरजोळ्याहून जायचो, कधी हातात सुक्या बांगड्यांचं पुडकं घेऊन. गोठ्याच्या तोंडाशी मास्तरने जांभ्या चिऱ्याची एक पायरी बांधली होती, मुद्दाम उंच, गाडीच्या पायरीइतकी. सगळं लक्ष त्या पायरीवर. जो पाडा उडी मारून आत घुसायचा त्याच्याबद्दल मास्तर तोंड वाकडं करायचा. जो थांबून, बघून, पाय टेकून चढायचा तो पुढच्या परीक्षेला बसायचा. पुढची परीक्षा म्हणजे तिकिटाच्या जुन्या पेटीवर भोकं पाडायचा पंच आपटायचा, टक टक टक, थेट पाड्याच्या कानाशी. सगळेच दचकायचे. मास्तर म्हणायचा, दचकू दे, दचकून परत खायला लागतो काय ते बघायचं. आणि मग तो बराच वेळ नुसता डोळ्याकडे बघत राहायचा. शिंगाकडे सगळ्यात शेवटी.

"अरे, तुझा कळप शिंगांसाठी प्रसिद्ध, आणि तू शिंगं शेवटी बघतोस?" मी एकदा विचारलं.

"शिंग पायजेच. पन शिंगाखाली डोकं नसेल तर येवडी लांब शिंगं घेऊन तो करनार काय? मानसं मारनार."

एका वर्षी एक काळसर, देखणा पाडा होता. शिंगं तर अशी फुटलेली की वाडीतल्या प्रत्येकाने आपापला निकाल आधीच देऊन टाकला होता, हा घरी राहणार. मास्तरने डबल बेल दिली. लोक भडकले. एक म्हातारबुवा तर काठी आपटून म्हणाले, "मास्तर, तुला मोतीबिंदू झालाय."

"पायरीवर चढताना त्यानं आवशीला ढकललान," मास्तर पायरीशी उभ्या त्याच्या आईकडे बोट दाखवून म्हणाला. "आपल्या आवशीला ढकलनारा दुसऱ्याच्या पोरांना काय सांभाळनार?"

विषय संपला. त्याच्या मागचा, रंगाने मातकट, कोणाच्या नजरेत न भरलेला पाडा एका घंटीवर घरी राहिला. पुढे त्याच्या वासरांना मागणी आली तेव्हा ते म्हातारबुवा सगळ्यांना सांगत फिरले की मी तेव्हाच म्हटलं होतं.

गिऱ्हाईक आलं म्हणून पाडा मिळायचा असंही नाही. दावं हातात देण्याआधी मास्तर घ्यायला आलेल्याच्या घरी जाऊन यायचा. ठिकाण कितीही आडबाजूला असो, पिशवीत पाण्याची बाटली घालून गाडीने जायचा, पाहुणचार घ्यायचा, गुरांना पाणी कोण दाखवतं, शेण कधी काढतात, सगळं बघून यायचा. एकदा राजापूरच्या बाजूला गेला. भलं मोठं घर, भलामोठा गोठा, खाली फरशी. जेवून आला आणि नकार देऊन आला. "का रे?" तर म्हणाला, "कुत्रा उनात बांधलेला." मी म्हटलं, अरे पण जेवलास ना त्यांच्याकडे? "जेवलो. जेवन चांगलं होतं. ते पन सांगितलं त्यांना."

आता साहेबाकडे येतो.

साहेब हा तांबूच्या नातीचा पाडा. डेपोतल्या एकाही साहेबासाठी मास्तर बाकावरून उठलेला मी पाहिला नाही, पण हा गोठ्यातून अंगणात आला की मास्तर उठून उभा राहायचा, म्हणून त्याचं नाव साहेब. जन्मला आणि त्याच्या आईचं दूध आटलं. वहिनींनी त्याला पेजेवर वाढवला. सकाळी घरात पेज शिजायची, पहिली वाटी त्याची आणि मग मास्तरची. मोठा झाल्यावरही तो स्वयंपाकघराच्या खिडकीशी येऊन उभा राहायचा, पण शिंगं इतकी रुंद झाली होती की डोकं आत घालता येत नसे. मग वहिनी हात बाहेर काढून त्याच्या कपाळाला खाजवायच्या. शिंगांना लावायला त्या खोबरेल तेल काढून ठेवायच्या. मास्तरच्या डोक्याला कधी ठेवलं नाही, अशी त्याची तक्रार होती. त्याच्या डोक्यावर केस नव्हते, हा भाग वेगळा.

साहेबाच्या तपासणीला मी होतो. पायरीशी आला, थांबला, मागे वळून मागच्या वासराकडे पाहिलं आणि चढला. पंच वाजला, दचकला, पुन्हा पेंढा चघळायला लागला. मास्तरने एक घंटी दिली आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला त्याचे डोळे ओले दिसले. तिथून पुढे चार-पाच वर्षं कळपातली सगळी वासरं साहेबाची. नांगरणीच्या स्पर्धेला लोक येत ते वाट वाकडी करून साहेबाला बघून जात. मास्तर अंगणात खुर्ची टाकून बसलेला असायचा आणि कोणी काही विचारलंच तर म्हणायचा, "साहेब आत हायत. भेटायचं असेल तर चपला काढा." लोक काढायचे!

आणि एक दिवस ह्याच माणसाने मला फोन करून सांगितलं, "पायलट, साहेबाची बदली करायची."

मला वाटलं थट्टा करतो. पण तो अगदी शांत होता. साहेबाच्या पहिल्या पाड्या आता गाभण राहायच्या वयाच्या झाल्या होत्या. त्याच कळपात साहेबाला ठेवला तर बापाचा लेकीशी संबंध येणार. दोन-तीन पिढ्या असं झालं की वासरं खुजी होतात, कमजोर होतात, कळप बसतो. साहेबाचाच एखादा पाडा ठेवावा तर तो त्यांचा भाऊ. बाहेरचा वळू आणल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

"कितीपन चांगला साहेब असला तरी त्येची बदली व्हायला लागते," मास्तर मला समजावत होता. "नायतर डेपो त्येच्या घरचा होतो. मंग काय होतं ते तू बगितलंयस."

"मग त्याला नुसता बांधून ठेव. खाऊ दे बसून," मी म्हटलं.

"भर वयात? काम करनाऱ्याला बिनकामाचं बसवायचं? तुला नोकरीतून घरी बसवलेलं चाललं असतं त्या वयात?"

मला ते पटलं. वहिनींना पटलं नाही, त्या नवऱ्याशी बोलेनाशा झाल्या. मी गेलो की माझ्यामार्फत बोलायच्या. मास्तर समोर बसलेला आणि वहिनी मला म्हणायच्या, "भावजी, तुमच्या मास्तरांना सांगा, पोटच्या पोरासारखा वाढवलेला हाय तो. घंटी वाजवून घालवायचा असेल तर आधी माज्यासाठी वाजवा." मास्तर मला म्हणायचा, "तिला सांग, पोरगा मोटा झाला की मुंबईला जातोच. तिचे दोगे गेले तेवा ती रडली, पन डबा तिनंच बांधून दिलान." आणि मी दोघांच्या मध्ये, गरम चहा हातात धरून.

साहेबाला गिऱ्हाइकांची कमी नव्हती. बातमी फुटली आणि माणसं यायला लागली. चिखलातल्या नांगरणीच्या स्पर्धा करणारी मंडळी आली. त्यांना साहेब गावठी गटात उतरवायचा होता, पण त्यासाठी ते त्याला आधी खच्ची करणार होते. ते ऐकल्यावर मास्तरने त्यांना चहा दिला आणि साहेबाला मागच्या दाराने डोंगरमाथ्याच्या सड्यावर चरायला नेलं. मग समुद्राकाठच्या एका हॉटेलाचे मालक गॉगल लावून आले. त्यांना पर्यटकांसाठी दाराशी असा बैल हवा होता. शिंगांना गोंडे बांधणार, पाठीवर झूल घालणार, लोक बाजूला उभे राहून फोटो काढणार.

"आनि त्येनं काम काय करायचं?" मास्तरने विचारलं.

"काहीच नाही. आरामात उभं राहायचं."

"मंग पुतळा करून घ्या. तेल लावायला लागनार नाय."

शेवटी मार्ग निघाला तो माझ्या गावाकडून, आणि ह्याचा मला अजून अभिमान आहे. हर्ण्याच्या वरच्या अंगाला एक चाचा राहतात. जन्मभर जहाजावर होते, परत आल्यावर समुद्राकडे पाठ फिरवली आणि गुरं पाळली. लांब शिंगांची. मी मास्तरला घेऊन गेलो. चाचांचा वळू अंगणात आंब्याखाली बांधलेला होता, आणि त्याला बघून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डावं शिंग सुरेख, लांब, वर उचललेलं. उजवं मुळाशीच मोडलेलं, नुसता खुंट. ह्यासाठी मी मास्तरला एवढ्या लांब आणला?

चाचा म्हणाले, "लहान होता तवा फनसाच्या बेचक्यात शिंग अडकवलान आनि मोडलान. मोडलेलं शिंग मी टाकलं नाय. ते बगा, पडवीत."

पडवीच्या भिंतीवर खुंटीला ते शिंग टांगलेलं होतं. मास्तरने ते काढून घेतलं. वळूपाशी गेला, त्या खुंटाला लावून बघितलं, मागे सरून दुसऱ्या शिंगाशी ताडून बघितलं. मग त्याची आई बघितली, बहिणी बघितल्या. अंगणातून पडवीत चढायला चाचांच्या घरी तीन पायऱ्या होत्या. मास्तर म्हणाला, "चाचा, ह्येला पायरी चढवा." चाचांनी मला विचारलं, पाहुणे बरे आहेत ना? पण चढवला. वळू थांबला, बघितलं, पाय टेकत टेकत वर गेला आणि पडवीत जाऊन शांत उभा राहिला. मास्तर हसला.

चाचांचीही अडचण तीच होती. त्यांच्या ह्या वळूच्या लेकीही मोठ्या झाल्या होत्या आणि बाहेरचा वळू मिळत नव्हता. एक शिंग मोडलेला म्हणून त्याला कोणी घेत नव्हतं. मास्तर म्हणाला, "मोडलेलं शिंग पोरांत उतरत नाय, चाचा. तुमी एकदा मोटारीखाली पाय मोडून घेतलात तर तुमची पोरं काय लंगडी होतील? माजा साहेब तुमच्याकडं, तुमचा हा माज्याकडं." चाचा साहेबाला बघायला मास्तरकडे आले, त्यांनी चपला काढल्या, आणि अदलाबदल ठरली. मास्तर त्यांच्या गोठ्यात एक अख्खा दिवस बसून आला होता, त्यामुळे नकाराचा प्रश्नच नव्हता.

साहेबाला न्यायचा टेम्पो चालवायला मी गेलो. दुसऱ्या कोणाला मास्तरने चालवू दिलाच नसता. जनावरांच्या डॉक्टरचा दाखला त्याने पासासारखा खिशात घातला होता, खाकी शर्ट घातला होता. पहाटेची वेळ, नुकतं उजाडत होतं. वाडी सगळी अंगणात. फळी लावली. साहेब फळीशी थांबला, बघितलं, आणि पायरी चढावी तसा टेम्पोत चढला. एवढं मोठं धूड, पण दाव्याला ताण द्यावा लागला नाही. मागचं फळकूट लावलं. मी स्टिअरिंगवर बसलो, इंजिन सुरू केलं आणि थांबून राहिलो.

कशासाठी थांबलो, हे लोकांना कळेना. कोणीतरी ओरडलं, "चला ना ओ!" पण मी गाडी कशी सोडणार? डबल बेल कुठे झाली होती? तीस वर्षांची सवय आहे, पाय ब्रेकवरून उठतच नाही.

मास्तरला ते माहीत होतं. तो गोठ्यात गेला. मी आरशातून बघत होतो. त्याने हात वर केला, दोरी धरली आणि ओढली.

एक घंटी वाजली.

दुसरी वाजेना. दोरी धरलेला हात वर तसाच राहिला, आणि मास्तर साहेबाकडे बघत उभा. एक घंटी म्हणजे थांब. त्याने मला थांबवलं होतं की दुसरी ओढायचं बळ त्याला येत नव्हतं, मला सांगता येणार नाही. मी इंजिन बंद करायला किल्लीला हात घातलाच होता.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून वहिनी बाहेर आल्या. कित्येक दिवस नवऱ्याशी न बोललेल्या. हाताला राख लागलेली, भांडी घासत असाव्यात. आधी टेम्पोशी गेल्या, फळ्यांमधून हात घालून साहेबाच्या कपाळाला खाजवलं. मग तशाच गोठ्यात गेल्या, मास्तरच्या हाताच्या वर आपला हात नेऊन दोरी धरली आणि ओढली.

दुसरी घंटी वाजली. मास्तरने दचकून त्यांच्याकडे पाहिलं. दोरीला त्याच्याशिवाय कोणी हात लावणं त्या गोठ्यात पहिल्यांदाच घडत होतं.

"चढा आता," वहिनी म्हणाल्या. "हर्ण्याला उनाच्या आत पोचायला पायजे. तो उनात उभा राहनार नाय."

मास्तरने दोरी सोडली. मागे साहेबाजवळ चढला, आणि मी गाडी सोडली. हर्ण्यापर्यंत तो मागेच उभा होता. साहेबाशी सारखा बोलत होता, कुठलं गाव आलं ते सांगत होता.

परत येताना टेम्पोत एकशिंगी वळू होता. मास्तरने त्याचं नाव बदली ठेवलं. वाडीने मनमुराद हसून घेतलं. सोनं देऊन पितळ आणलं, साहेब देऊन शिपाई आणला, काय काय म्हणून झालं. म्हातारबुवांनी पुन्हा मोतीबिंदू काढला. मास्तर अंगणात खुर्चीवर बसून ऐकत होता आणि हातातल्या पंचाने पेटीवर टक टक करत होता. मला मनातून धाकधूक होती, खोटं कशाला सांगू? हे फसलं असतं तर साहेबही गेला आणि कळपही गेला, आणि चाचांचं घर दाखवणारा मी.

बदलीच्या पहिल्या पाड्याची तपासणी मागच्या मोसमात झाली. तेव्हा गेलो तर गोठ्यात मला एक फरक दिसला. दोरी लांब झाली होती. गोठ्याच्या वाशांवरून निघून, अंगणात एका बांबूवर चढून, ती थेट स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत गेली होती. मी मास्तरकडे पाहिलं. तो म्हणाला, "पयली माजी, दुसरी तिची. दोगांचं जमलं तरच गाडी सुटनार. एकट्याच्या अंगावर नको ते आता."

पाडा बाहेर आणला. आडव्या गेलेल्या, टोकाशी नुकत्याच वर वळू लागलेल्या दोन्ही शिंगांकडे सगळे बघत होते. दोन्ही अखंड, दोन्ही एकसारखी, तांबूचा पसारा आणि चाचांच्या वळूची उचल. पायरीशी येऊन तो थांबला, बघितलं आणि चढला. पंच वाजला, दचकला, पेंढ्याला तोंड लावलं. म्हातारबुवांची काठी हलली नाही. मास्तरने बराच वेळ त्याच्या डोळ्यांत बघितलं, मग शिंगांकडे, आणि हात वर करून दोरी ओढली.

एक घंटी वाजली. सगळ्यांच्या माना स्वयंपाकघराच्या खिडकीकडे वळल्या. आत वहिनी उभ्या होत्या, दोरी त्यांच्या डोक्यावर लोंबत होती. त्यांनी पाड्याकडे नीट पाहून घेतलं. मग हात दोरीकडे वर न नेता खाली नेला, पेजेची वाटी उचलली आणि पाड्यासाठी खिडकीत ठेवली.

मास्तर माझ्याकडे वळला. शर्टाची लागलेली बटणंही तुटतील इतकी त्याची छाती फुगली होती.

"बगितलंस, पायलट? तिलापन पटला!"